दहा मिनिटांची वही

मॅडमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. नंबर अनोळखी होता, पण आवाज लगेच ओळखला. नऊ वर्षांपूर्वी, सहा महिने, दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता हा आवाज आमच्या पनवेलजवळच्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून आम्हा चौघांना विचारायचा, "या आठवड्यात कोणी कोणाचं ऐकून घेतलं?" आता तोच आवाज म्हणाला, "नवीन कुटुंबं आली आहेत गं. त्यांच्यासमोर दोन शब्द बोलशील का? तुमची केस किती छान झाली होती."

छान झाली होती म्हणे. मी डब्याचं झाकण परत लावलं. माझा भाऊ आता कुठे आहे, काय करतो, हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. "येते," मी म्हणाले, कारण मला राग आला होता आणि रागात मी नेहमी हो म्हणते.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तेव्हा सोळाचा होता. करंजाड्यात तेव्हा निम्म्या इमारती बांधून नुसत्याच उभ्या होत्या. फ्लॅट विकले गेलेले नव्हते, पण बाथरूममध्ये नळ बसवलेले होते, चकचकीत पितळी. मागच्या बिल्डिंगमधली दोन मोठी मुलं आणि आमचा हा, तिघं मिळून ते नळ काढून भंगारात द्यायचे. दोनदा पचलं. तिसऱ्यांदा वॉचमन जिन्यात आडवा आला, झटापट झाली, तो म्हातारा पायऱ्यांवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. मोठी दोघं पळाली. आमचा पळाला नाही, वॉचमनजवळ बसून राहिला, म्हणून सापडला. ह्या मूर्खपणाबद्दल बाबा त्याला पुढे कितीतरी दिवस बोलत होते. चोरीबद्दल इतकं बोलले नसतील.

तीन आठवडे तो निरीक्षणगृहात होता. मग बाल न्याय मंडळाने त्याला आमच्या ताब्यात दिलं, पण अट घातली. एका संस्थेचा कुटुंबांसाठीचा कार्यक्रम होता, सहा महिन्यांचा. मुलाला एकट्याला नाही, घरातल्या सगळ्यांना बसवायचं. मुलगा बिघडला तर घरात काहीतरी अडलेलं असतं, ते मोकळं करायचं, अशी त्यांची पद्धत होती. मॅडम घरी येणार, आणि आठवडाभर आम्ही एक वही भरायची.

वही साधी, दोनशे पानी. रोज संध्याकाळी दहा मिनिटं चौघांनी एकत्र बसायचं. फोन बाजूला. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, मध्ये तोंड घालायचं नाही. दहा मिनिटं झाली की प्रत्येकाच्या नावाने एकेक ओळ वहीत. सगळ्यांच्या ओळी एकाने लिहिल्या तरी चालतील, फक्त ज्याचं त्याला विचारून लिहायच्या. मी एम.कॉम. करत होते, घरात माझंच अक्षर बघण्यासारखं. बाबा म्हणाले, "आगं, तूच लिही की. तुझं अक्षर चांगलं आहे."

बाबांविषयी सांगायला हवं. ते न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होते, कागदपत्रं बघायला. वीस वर्षं त्यांनी परदेशातून आलेला माल सोडवला आणि त्यातला क्वचितच कधी डोळ्यांनी पाहिला. कंटेनरमध्ये काय आहे ते कागदावर असतं, आणि कागद नीट असला की कंटेनर गेटाबाहेर पडतो. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून येऊन, कोणाची ओळख नसताना, ह्याच एका गोष्टीवर त्यांनी आम्हाला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. त्यामुळे मुलगा अडकला तेव्हा त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. वकिलाकडून जबाब लिहून घेतला. त्यात होतं, वॉचमनला मोठ्या मुलांनी ढकललं, आमचा खाली उभा होता. तो जबाब बाबांनी भावाकडून चार वेळा मोठ्याने वाचून घेतला.

आईने तिच्या परीने आणखी एक कागद तयार केला, फक्त तोंडी. दर गुरुवारी ही बाई कोण येते, असं शेजारी विचारणार. तर आईने सांगून टाकलं की विवाह मंडळाच्या बाई आहेत, माझ्यासाठी स्थळं घेऊन येतात. सहा महिने जिन्यात मला जो भेटेल तो विचारायचा, "काय, जमलं का?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर आपल्या भाच्याची पत्रिकाच आणून दिली. मी एकवीस वर्षांची होते आणि भावाची चोरी लपवण्यापायी बिल्डिंगभर माझी कीर्ती झाली, की हिचं लग्न जमत नाही. चोर मुलगा लपवायला लग्न न जमणारी मुलगी पुढे करणं आईला सोयीचं वाटलं. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही, आणि तिला ते माहीत आहे.

पहिली दहा मिनिटं आम्ही खरोखर बसलो. मॅडम नुकत्याच समजावून गेल्या होत्या, ताजा धाक होता. आईने टीव्ही बंद केला. बाबांनी फोन फ्रिजवर ठेवला. भावाची पाळी पहिली. तो बराच वेळ गालिच्याचे दोरे उपटत बसला. मग म्हणाला, निरीक्षणगृहात एक मुलगा रोज त्याच्या ताटातली चपाती उचलायचा. मग म्हणाला की वॉचमनकाका त्याला ओळखायचे, कधीमधी चहा द्यायचे. आणि मग, खाली बघतच, "जिन्यात ना, वॉचमनकाकांना मी..."

"बस," बाबा म्हणाले.

"नाही, ते पडले तेव्हा मीच..."

"जबाबात काय आहे ते तुला माहीत आहे. दुसरं तोंडातून काढायचं नाही. घरात पण नाही."

चार मिनिटं झाली होती. मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते, म्हणून माहीत आहे. भाऊ उठला नाही, रडला नाही, चिडला नाही. "ओके," म्हणाला. आईने कुकर लावायला जाण्याचं निमित्त केलं. तो काय बोलणार होता ते आम्हा तिघांनाही कळलं होतं. त्याने ढकललं होतं, म्हणूनच तो जवळ बसून राहिला होता. मी वही पुढे ओढली आणि लिहिलं, "आज बाबांनी दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐकून घेतलं."

ते वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच लिहिलं. बाबांनी वाचलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाबांना उशीर झाला, तिसऱ्या दिवशी आईचं डोकं दुखत होतं, आणि पहिला बुधवार उजाडला तेव्हा वहीत एकच ओळ होती. त्या संध्याकाळी बाबा लवकर आले. ऑफिसातून तीन पेनं आणली होती. एक निळं, एक काळं, आणि एक निळंच पण शाई संपत आलेलं. "एकाच पेनाने सात दिवस लिहिलंस तर बघणाऱ्याला कळतं," ते म्हणाले. मी डायनिंग टेबलावर बसून सोमवारची ओळ काळ्याने लिहिली, मंगळवारची फिकट निळ्याने. बाबा शेजारी चहा पीत बसले होते. ते वाचून म्हणाले, "रोज सगळं चांगलं नको दाखवू. एखाद्या दिवशी भांडण टाक. सगळं बरोबर असलेलीच फाईल कस्टमचा साहेब उघडून बघतो."

मग मी भांडणं टाकली. रिमोटवरून, मोबाईलवरून, दुधाच्या पिशवीवरून. भांडणानंतर समेट टाकला. आणि खरं सांगायचं तर मला ते लिहायला आवडायला लागलं. वहीतले बाबा संध्याकाळी घरी आले की भावाला विचारायचे, आज क्लासला काय झालं. वहीतली आई माझ्याशेजारी बसून माझे केस विंचरायची आणि म्हणायची, तुझ्याकडे माझं लक्षच राहिलं नाही. वहीतला भाऊ मोकळा बोलायचा. असं घर मला हवं होतं आणि दर बुधवारी मी ते तासाभरात तयार करायचे. खऱ्या घरात त्या तासाला भाऊ आत बेडरूममध्ये कानात इयरफोन घालून पडलेला असायचा. ज्याचं त्याला विचारून लिहायचं होतं. मी एकदाही त्याच्या दारापर्यंत गेले नाही.

गुरुवारी आईचा उपास, त्यामुळे मॅडमना साबुदाण्याची खिचडी मिळायची. त्या दोन बस बदलून यायच्या, दमलेल्या असायच्या, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये आमच्यासारख्याच आणखी वह्या. खाता खाता आमची वही वाचायच्या. एकदा मी भावाच्या नावाने लिहिलं होतं, "मला आज बाबांच्या शेजारी नुसतं बसून राहावंसं वाटलं." मॅडमनी ते मोठ्याने वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भावाला विचारलं, "हे तू सांगितलंस ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

आपल्या बहिणीला वाचवलं त्याने. बाबांनाही. सोळा वर्षांचा तो गुन्हेगार मुलगा त्या खोलीत एकटा बसून आम्हा तिघांची लाज राखत होता, आणि कार्यक्रम त्याला सुधारण्यासाठी चालला होता.

सहा महिन्यांनी केस बंद झाली. शेवटच्या गुरुवारी मॅडमनी पेढे आणले. वही नमुना म्हणून ठेवून घेऊ का, नावं खोडून, असं त्यांनी विचारलं. बाबांनी परवानगीच्या कागदावर ज्या आनंदाने सही केली तसा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी ते आईला म्हणाले, "सुटला." माल सुटतो तसा.

वर्षभर सगळं ठीक दिसलं. बारावीला तो नापास झाला, आम्ही म्हटलं, होतं असं कधीकधी. मग घरी यायच्या वेळा बदलल्या. बाबा विचारायचे नाहीत, आई विचारायची आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायची. एकोणिसाव्या वर्षी तो पुन्हा पकडला गेला. बंदराच्या रस्त्याला उभ्या राहणाऱ्या ट्रेलरमधून डिझेल काढणाऱ्या टोळीत होता. आता तो अल्पवयीन नव्हता. मंडळ नव्हतं, मॅडम नव्हत्या, वही नव्हती, सरळ तुरुंग होता. बाबा पुन्हा फाईल घेऊन धावले, पण मोठ्यांच्या कोर्टात चांगल्या अक्षराला कोणी विचारत नाही. जामिनावर सुटला तेव्हा तो घरी आला, आंघोळ केली, जेवला, कपडे भरले आणि गेला. आईने विचारलं कुठे, तर म्हणाला, "काम आहे." त्यानंतर तो त्या फ्लॅटमध्ये राहायला आला नाही.

असल्या कार्यक्रमांचा पुढे उपयोग होतो का, असं लोक कधीकधी मला विचारतात, कारण त्यातून गेलेली म्हणून मी आता जाणकार समजली जाते. मला खरंच माहीत नाही. आमच्या घरात तो झालाच नाही.

तर मी गेले. पनवेलला एका शाळेचा हॉल होता, लहान मुलांची बाकं, त्यांत गुडघे कोंबून बसलेले आईबाप. आठ-दहा कुटुंबं असतील. मॅडमचे केस पांढरे झाले होते, सॅक तीच असावी. त्यांनी प्रत्येकाला झेरॉक्सची चार पानं वाटली. वही कशी भरावी, नमुना. माझ्यासमोरही ती पानं आली. नावांवर काळ्या पट्ट्या होत्या. माझं अक्षर होतं. पहिलीच ओळ, "आज बाबांनी दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐकून घेतलं." झेरॉक्समध्ये तिन्ही पेनांची शाई एकाच रंगाची झाली होती.

नऊ वर्षं ती ओळ घराघरांत वाटली जात होती.

माझी ओळख करून दिल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पेनांचं, भांडणांचं, चौथ्या मिनिटाचं. भाऊ तुरुंगात जाऊन आला हेही. आवाज चढला असणार माझा. शेवटी म्हणाले की ही चार पानं फाडून टाका, ह्यातलं एक अक्षरही खरं नाही. कोणीच काही फाडलं नाही. मॅडम खाली बघत होत्या. मग मागच्या बाकावरून एका वडिलांनी हात वर केला, शर्टाच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र लावलेलं. त्यांनी मला फार नम्रपणे विचारलं, "मॅडम, पण तेव्हा तुमची केस बंद झाली ना?"

"झाली," मी म्हणाले.

"हां, मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि झेरॉक्सची घडी घालून खिशात ठेवली. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी होती, कॉलेजातली. तिने आपली प्रत घडी न घालता वहीत सरळ ठेवली. पानं चुरगळणार नाहीत अशी.

बाहेर पायऱ्यांवर मॅडमनी मला गाठलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "मला कळलं होतं गं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच. पण मला वाटलं, खोटं लिहिता लिहिता तरी एखाद्या दिवशी बसाल."

"मग विचारलं का नाहीत?"

"वीस घरं होती माझ्याकडे. बाकीची वह्यासुद्धा भरत नव्हती."

यावर मला खूप काही बोलायचं होतं. पण त्यांनी ते कसलंही निमित्त न करता सांगितलं, आणि आमच्या घरातल्या एकानेही आजवर इतकं सरळ काही सांगितलेलं नाही. मी त्यांना रिक्षा करून दिली.

पुढच्या रविवारी मी उरणजवळ मोऱ्याच्या बंदरावर गेले. भाऊ चार वर्षं तिथे लाँचवर आहे. धक्क्याला लाँच लागली की दोर टाकायचा, माणसांचे हात धरून त्यांना आत घ्यायचं, असं काम. मी वर्षातून दोनदा जाते, आईने दिलेला डबा घेऊन. बाबा निवृत्त झालेत, ते येत नाहीत, पण मी परत आले की विचारतात, "त्याचं आधारकार्ड अपडेट केलंय का?"

धक्क्यावर जाळं शिवत बसलेला एक म्हातारा मला पाहून म्हणाला, "पानी उतरलंय बाय, आता लाँच नाय. दोन तास हाय अजून." ओहोटी होती, धक्क्याच्या दोन्ही बाजूंना नुसता गाळ. भाऊ शेडमध्ये बाकावर बसला होता. उन्हाने काळा झालाय, खांदे भरलेत. "ताई, तू? आज मधेच?" म्हणाला आणि बाकावरची जागा हाताने पुसली.

मी झेरॉक्स त्याच्या हातात दिली. त्याने सगळी चार पानं वाचली, सावकाश. एका ठिकाणी हसलासुद्धा, दुधाच्या पिशवीच्या भांडणावर असेल.

"अजून वाटतात हे?"

"हो."

"भारी."

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला, त्याला दिसेल असा. म्हणाले, "त्या दिवशी तू काय सांगणार होतास ते मला कळलं होतं."

"सगळ्यांनाच कळलेलं, ताई. कळलं म्हणून तर गप केलं."

"मी मॅडमना सांगायला हवं होतं. तुला येऊन विचारायला हवं होतं. चुकलं माझं." हे बोलायला मला नऊ वर्षं लागली आणि बोलून झाल्यावर ते फारच थोडं वाटलं. "आता बोल. दोन तास आहेत. मी मध्ये बोलणार नाही."

तो गाळाकडे बघू लागला. आतल्या बाजूला एक मचवा कलंडून पडला होता, पाणी येईपर्यंत तो तसाच राहणार होता.

"गेलेलो मी शोधायला वॉचमनकाकांना," तो म्हणाला. "केस बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गावाला गेलेले. हाताने काम होत नव्हतं ना." मग थांबला. मी थांबले. मी खरोखर एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात मी कोणाचं ऐकायला इतकी तयार कधीच नव्हते.

त्याने चारही पानं एकावर एक नीट लावली, कडा जुळवल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाकीचं तूच लिही," तो म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्याने आईचा डबा उघडला, अर्धी पोळी मला दिली, आणि पाणी चढेपर्यंत आम्ही जेवत बसलो.